चित्रांचा दिनक्रम-फळा: आठ महिने वापरल्यावर

आधी राग काढते. दिवसभराच्या कामांची चित्रं वेळेच्या चौकटींत चुंबकानं लावायचा हा फळा, आणि त्याचे चुंबकच अगदी कुचकामी आहेत. १,४५० रुपये मोजले आणि तीनदा फोन केल्यावर उत्तर मिळालं, "चुंबक हमीत येत नाहीत."

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं त्याच्या पक्कं लक्षात राहतं, म्हणून फळा घेतला. पण दार आपटलं की चित्र खाली. आपल्यासाठी ते नुसतं पडलेलं चित्र, त्याच्यासाठी ते काम रद्द. आंघोळीचं चित्र पडलं त्या दिवशी तो दुपारपर्यंत टॉवेल मांडीवर घेऊन बसला होता.

दुसऱ्या महिन्यात फळा माळ्यावर टाकणार होते. आप्पा, म्हणजे आमचे वडील, नुकतेच गेले होते. भाऊ शेंगाचटणी-भाकरीलाही हात लावेना, रात्र रात्र जागा. एका डॉक्टरांनी न तपासताच "यांचं वय लवकर होतं, विसरायला लागलाय" म्हणून वाटेला लावलं. तो संताप अजून गेलेला नाही. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, थायरॉइड कमी निघालं. डाउन सिंड्रोममध्ये हे बऱ्याचदा आढळतं आणि त्यानंही माणूस मरगळतो. झोपेत श्वास अडकतो का, ऐकू नीट येतं का, तेही बघायला लावलं. नैराश्यालाच लोक स्मृतिभ्रंश समजून बसतात, म्हणाल्या. एकट्यानं पुटपुटणं त्याचं लहानपणापासूनचं, त्याला घाबरू नका म्हणाल्या.

गोळीनं भूक आली, संध्याकाळ मात्र तशीच उदास. मग एकदा फळ्याकडे लक्ष गेलं. संचातला रडका चेहरा मी बिनकामाचा म्हणून डब्यात टाकला होता. त्यानं तो शोधून सहाच्या चौकटीत लावला होता.

सहाला आप्पा यंत्रमागावरून घरी यायचे. त्यांचा फोटो त्या चौकटीतून मीच काढला होता, याला त्रास नको म्हणून.

फोटो परत लावला. आता सहाला दोघं दिवा लावतो, आप्पांच्या गोष्टी काढतो. कधी तो रडतो, मी रडू देते. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेत, माझा हात धरून तासभर हिंडला.

म्हणून फळ्याबद्दलचं माझं मत बदललं, चुंबकांबद्दलचं नाही. घेणार असाल तर नवी पेठेतून साठ रुपयांचे जाड चुंबक आणून पहिल्याच दिवशी चित्रांमागे चिकटवा. आणि चेहऱ्यांचं पाकीट त्याच्या हाताशी ठेवा, डब्यात नको.