तीस-सत्तर की दिवसाला चार टोचण्या? आधी जेवणाची वेळ सांगा

इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस काउंटरवर पहिला प्रश्न विचारतो, "यातलं चांगलं कुठलं?" गोव्यातल्या फोंड्यात औषधांचं दुकान चालवताना मी त्यालाच उलट विचारतो, दुपारी जेवता किती वाजता? रोज ठरल्या वेळी जेवणाऱ्याचं जुन्या, स्वस्त इन्सुलिनवरही छान भागतं. जेवणाचा नेम नसलेल्याला मात्र तेच गोत्यात आणतं.

शरीराला इन्सुलिन दोन कामांसाठी लागतं. जेवणातून आलेली साखर उचलायला एकदम लागतं, आणि आपण झोपलेलो असतानाही यकृत साखर सोडत असतं म्हणून थोडं थोडं दिवसरात्र लागतं. दुकानातलं प्रत्येक इन्सुलिन यातलं एक काम करतं, नाहीतर दोन्ही कामांची इन्सुलिनं एकाच बाटलीत असतात.

तीस-सत्तर ही अशी बाटली. तिच्यात 30 टक्के रेग्युलर आणि 70 टक्के दुधाळ एनपीएच. रेग्युलर अर्ध्या तासाने लागू पडतं, दोन-तीन तासांनी जोरात असतं आणि सहा-आठ तास टिकतं. म्हणून टोचून अर्धा तास थांबायचं, मग खायचं. एनपीएच सावकाश चढतं आणि साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान त्याचा जोर असतो. सकाळी साडेसातला 20 युनिट घेतली तर त्यातली 6 आठच्या पाव-भाजीसाठी आणि 14 दुपारच्या शीत-हुमणासाठी, म्हणजे भात-माशांच्या कढीसाठी. रात्रीच्या जेवणाआधी दुसरी टोचणी. दोन टोचण्यांत दिवस निघतो, खर्चही कमी. बाटली तळहातांमध्ये हळू घोळवून सारखी दुधाळ करायची, गदागदा हलवायची नाही.

खोट इथे आहे की दुपारचं इन्सुलिन सकाळीच अंगात गेलेलं असतं. ते परत काढता येत नाही. चवथीला आरत्या, नैवेद्य, पाहुणे करता करता पान वाढायला तीन वाजतात आणि एनपीएच तर बारापासूनच कामाला लागलेलं असतं. मग साखर घसरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. सकाळची टोचणी घेतली असेल तर अकराची पेज चुकवू नका. आणि अशा दिवसांचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. रात्रीच्या टोचणीचा जोर मध्यरात्रीनंतर येतो, त्यामुळे पहाटे घामाने जाग येत असेल तर तेही सांगा.

दुसरी पद्धत म्हणजे दोन्ही कामं वेगळी करणं. ग्लार्जिन हे लांब टिकणारं इन्सुलिन दिवसातून एकदा, रोज त्याच वेळी. ते जवळपास 24 तास एकसारखं चालतं, मध्येच उसळत नाही. डेग्लुडेक त्याहून लांब, 42 तासांपेक्षा जास्त टिकतं, म्हणून एखाद्या दिवशी वेळ पुढेमागे झाली तरी मोठ्यांना चालतं. फक्त दोन डोसांत निदान आठ तास हवेत. त्यावर प्रत्येक जेवणाला लिस्प्रो किंवा अ‍ॅस्पार्ट ही झटपट इन्सुलिनं. ही दहा-पंधरा मिनिटांत लागू पडतात आणि तीन ते पाच तासांत संपतात. पान वाढायच्या बेतात असलं की टोचा. जेवण तीनला तर टोचणी पावणेतीनला. जेवलाच नाहीत तर ती टोचणीही नाही. लांब टिकणारं मात्र चुकवायचं नाही, टाइप 1 वाल्याने, म्हणजे ज्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनतच नाही त्याने, तर उपासालासुद्धा नाही.

कळंगुटच्या हॉटेलात पाळीने राबणारा, वेर्ण्याला रात्रपाळी करणारा, टाइप 1 चं शाळकरी पोर, यांना माझ्या मते हीच पद्धत सोसते. पण चार टोचण्या, बोट टोचून वारंवार तपासणी आणि जास्त पैसे याची तयारी हवी. घरी एकटीच असलेल्या, नजर अधू झालेल्या आजीला चार टोचण्यांचा हिशेब सांभाळायला लावण्यात मला शहाणपण दिसत नाही. तिचं जेवण एकला होत असेल तर तीस-सत्तर बरं.

टाइप 2 ला, म्हणजे शरीराचं स्वतःचं इन्सुलिन असतं पण पुरं पडत नाही अशा मधुमेहाला, गोळ्या चालू ठेवून नुसतं रात्रीचं ग्लार्जिन देऊनही सुरुवात करतात. सकाळची उपाशीपोटीची साखर त्याने आवरते, भातानंतरची फारशी नाही.

काहीही घेत असाल तरी साखर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

पद्धत बदलताना सिरिंजही बघा, कारण खरा घात तिथे होतो. आपल्याकडच्या बऱ्याच व्हायल, म्हणजे इन्सुलिनच्या बाटल्या, एका मिलिलिटरला 40 युनिटच्या असतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. पेनमधलं इन्सुलिन बहुधा 100 युनिटचं, आणि 100 च्या व्हायलला नारिंगी टोपी. 100 च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलंत तर अंगात 50 युनिट जातात. उलट केलंत तर 20 ऐवजी 8 च. म्हणून पेनच्या काडतुसातून सिरिंजने कधीच ओढू नका, आणि दुकानदाराने सिरिंज दिली की टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा तिथेच, काउंटरवरच जुळवून घ्या.