भाटघरला गळाच्या जागा शोधताना: उपग्रहाचे फोटो एक अख्खा हंगाम वापरल्यावर

नोकरीमुळे भंडाऱ्याहून भोरला आलो तेव्हा पहिला प्रश्न पडला तो गळ कुठे टाकायचा हा. आमच्याकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव उथळ. पाळीवर उभं राहिलं की अख्खा तलाव नजरेत येतो, आणि वनस्पती दाट असलेल्या कोपऱ्यात मरळ असणार हे लहान पोरालाही कळतं. भाटघरचं तसं नाही. साडेतेवीस टीएमसीचं, ब्रिटिशांच्या काळातलं धरण, वेळवंडीच्या खोऱ्यात लांबवर शिरलेलं पाणी, आणि काठ सगळीकडे सारखाच दिसतो. नव्या माणसाने कुठेही बसावं आणि दिवसभर बूच हललं नाही म्हणून परत यावं, अशीच ही जागा आहे.

नवरात्रापासून मी जागा शोधायला उपग्रहाचे जुने फोटो वापरतोय. गेल्या उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव लिहितो, कारण नवीन गावात आलेल्या गळवाल्याला याइतकी कामाची फुकट गोष्ट दुसरी नाही असं माझं ठाम मत झालंय.

सगळी गंमत मे महिन्याच्या फोटोत आहे. भाटघरचं पाणी खाली वीर धरणात जातं आणि तिथून नीरेच्या दोन्ही कालव्यांना. उन्हाळी आवर्तनं सुटत गेली की इथला तळ उघडा पडतो. एरवी पाण्याखाली असलेलं कांबरेश्वराचं देऊळसुद्धा तेव्हा बाहेर येतं. गुगल अर्थमध्ये मागच्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे. त्यात मे महिना निवडला की जुन्या शेतांच्या ताली (बांध), घरांची जोती, विहिरींचे गोल, ओढ्यांच्या वळणदार रेषा आणि मधोमध नदीचं मूळ पात्र असं सगळं स्पष्ट दिसतं. आता त्याच जागेचा डिसेंबरचा फोटो उघडा. काठावरचं ठळक झाड किंवा खडक धरा आणि गुगल अर्थमधल्याच मोजपट्टीने तिथून तालीपर्यंतचं अंतर मोजा. तीस-पस्तीस मीटर आलं तर साध्या स्पिनिंग रॉडने गळ तिथे आरामात पोचतो. मासा सपाट तळावर थांबत नाही. त्याला आडोसा लागतो, किंवा उथळ संपून खोल सुरू होतं ती कड लागते. ओढा जुन्या पात्राला मिळतो ती जागा मी सगळ्यात आधी बघतो.

गुगल अर्थवर हव्या त्या महिन्याचा फोटो असेलच असं नाही. तिथे कोपर्निकस ब्राउझर ही युरोपीय उपग्रहांचे फोटो दाखवणारी वेबसाइट कामाला येते. त्यातल्या सेंटिनेल-2 उपग्रहांचे फोटो साधारण दर पाच दिवसांनी मिळतात, पण एक ठिपका दहा मीटरचा. ताल त्यात दिसत नाही, पाण्याची कड मात्र नेमकी कळते. पावसाळ्यात ढगांमुळे हे फोटो निरुपयोगी. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण जून ते ऑगस्ट मी गळ बाहेर काढतच नाही. अंड्यांनी भरलेली चढणीची मासळी धरणं मला पटत नाही.

पण फोटो अर्धंच सांगतो. गाळ त्यात दिसत नाही. एका तालीवर मी खूण करून ठेवली होती. तिथे जाळं सोडवत बसलेल्या मामांना विचारलं तर म्हणाले, "ताल हाय तिथं, पर वरच्या अंगाला निस्ता गाळ. खालच्या अंगाला सोडा." ताल माती अडवण्यासाठीच घातलेली असते, तेव्हा वरची बाजू भरून येणारच. खालच्या बाजूला दगड उघडे राहतात आणि त्यांच्या फटींत वाम असते. अंधार पडल्यावर गांडूळ लावून तिथे टाकलं की ती लागते. हे कुठल्याच फोटोत सापडलं नसतं.

त्या मामांकडे जायचं आणखी एक कारण आहे. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून दिला जातो, बऱ्याच ठिकाणी तो मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कटला, मृगळ यांची साठलेल्या पाण्यात वीण होत नाही, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडावी लागते. तुमच्या गळाला लागलेला रोहू बहुधा कोणाच्या तरी पैशाने वाढलेला असतो. नवीन जागी आधी ठेका कोणाकडे आहे ते विचारा, परवानगी घ्या, मागतील ते पैसे द्या. चिलापीचं वेगळं. ती आपली आपण वाढते, आणि तिच्यावर गळ टाकायला मला आजवर कोणी हसतमुखाने होकार दिला नाही असं झालेलं नाही.

चिलापीच्या जागा शोधायला तर फोटोही नको. एप्रिलमध्ये पाणी मागे सरलं की ओलसर काठावरून चाला. चिखलात ताटाएवढे गोल खळगे एकाला एक लागून दिसतील. ती तिची घरटी. नराने तोंडाने माती उपसून केलेली. पुढच्या हंगामात तेवढ्याच पाण्यात ती पुन्हा तिथेच येते, म्हणून मी अशा जागांवर खूण करून तारीख आणि त्या दिवसाचा पाणीसाठा लिहून ठेवतो. जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे आकडे रोज मिळतात. चालताना मात्र काठी टेकत जा. वरून भेगाळलेला दिसणारा गाळ आत मांडीपर्यंत ओला असतो, आणि एकट्याने तर तिथे उतरूच नये.

उजनीला हाच प्रकार करणार असाल तर साल निवडून घ्या. तिथल्या एकशे सतरा टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त मृत साठा (सहसा वापरात न येणारं तळाचं पाणी) आहे, त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी मे महिन्यातही जुनं पात्र झाकलेलंच राहतं. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी खोल वजा पातळीत, म्हणजे मृत साठ्यातही बरीच खाली गेली होती. भिगवण, पळसदेव या पट्ट्यासाठी त्या मे महिन्याचे फोटो बघा.