हॅझमॅट फी न लावणारा प्रायमरवाला

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं वाचावंसं वाटेल. 602 डॉलर 60 सेंट. मार्च 2021 मधल्या दराने जवळपास 44 हजार रुपये. बदल्यात एक प्रायमरसुद्धा (काडतुसाच्या तळाशी बसणारा, बार पेटवणारा छोटा भाग) हातात पडला नाही.

मी डॅलसजवळ राहतो, ग्रीनकार्डवर आहे, नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि गॅरेजमध्ये रिलोडिंग करतो, म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरतो. टेक्सासमध्ये हे सगळं कायदेशीर आहे, तेव्हा "असले धंदे करायचेच कशाला" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं. ते घरात ऐकून झालंय.

तेव्हाचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना फार सांगायला नको. कोविडमध्ये अर्ध्या देशाने बंदुका घेतल्या, 2020 मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं, त्यांचा काडतुसांचा धंदा ज्या कंपनीने घेतला तिच्याकडे सीसीआय आणि फेडरल हे प्रायमरचे ब्रँड आधीपासूनच होते. दुकानांत प्रायमरचे रॅक रिकामे. जिथे हजार प्रायमरचा डबा तीस-पस्तीस डॉलरला मिळायचा, तिथे गन शोमध्ये लोक बिनदिक्कत शंभर, दीडशे मागायचे. आणि माझ्याकडे बादलीभर धुऊन-पुसून ठेवलेलं ब्रास, म्हणजे काडतुसांची रिकामी टरफलं. तुम्ही काय केलं असतं?

मला प्रायमर विकणारी एक साइट सापडली. ती स्वस्त नव्हती, हे मुद्दाम सांगतोय. हजाराला 58 डॉलर. पंधरा डॉलरला विकत असते तर मीही हसून पुढे गेलो असतो. पत्ता खऱ्या दुकानाचा, लायसनचा फोटोही त्याच दुकानाचा ढापलेला. मी मागवले ते असे: स्मॉल पिस्टल प्रायमर पाच हजार, स्मॉल रायफल दोन हजार, .45 च्या पिस्तुली काडतुसासाठी लार्ज पिस्टल एक हजार. आठ हजारांचे 464 डॉलर.

आता जिथे माझे डोळे उघडायला हवे होते ती जागा. ऑर्डर करताना एक यादी उघडायची: "तुमचा प्रेस निवडा" (प्रेस म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र). डिलन, हॉर्नेडी, ली, आरसीबीएस, सगळे हजर. मी माझा निवडला, आणि खाली हिरवी टिकमार्क: हे प्रायमर तुमच्या प्रेसला चालतील. मला वाटलं, वा, किती काळजी घेतात!

अरे, प्रेसला काय कळतंय? प्रेस फक्त माप बघतो: स्मॉल 0.175 इंच, लार्ज 0.210 इंच. त्याप्रमाणे प्रायमिंगचे सुटे भाग बदलले की झालं. फार तर काही जुन्या टूल्सबरोबर अमुक कंपनीचे प्रायमर वापरू नका अशी सूचना यायची, ती मॅन्युअलमध्ये असते. बाकी कुठला प्रायमर हे काडतूस ठरवतं आणि लोडिंगचं पुस्तक ठरवतं. स्मॉल पिस्टल आणि स्मॉल रायफल ब्रासच्या तळाच्या एकाच खड्ड्यात बसतात, पण रायफलच्या प्रायमरची टोपी जाड असते. .223 या रायफलच्या काडतुसात पिस्टलचा घातला तर फुटून गॅस मागे येऊ शकतो. एआर रायफलमध्ये तर फायरिंग पिन मोकळी असते, प्रायमरवर आपटू शकते, म्हणून लोक सीसीआय 41 सारखे कडक प्रायमर शोधतात. लार्जमध्ये रायफलचा उंचीला जास्त, पिस्टलच्या ब्रासमध्ये तो वर डोकावतो. .45 चं ब्रास स्मॉल आणि लार्ज दोन्ही खड्ड्यांचं येतं, ते हाताने निवडावं लागतं. हे सगळं मला ठाऊक होतं! मी नव्या पोरांना शिकवतो हे. तरी गंमत म्हणून चॅटवर विचारलं, .223 ला स्मॉल पिस्टल चालतील का? उत्तर आलं: "यस सर, ऑल कम्पॅटिबल." जो माणूस प्रायमर विकतो तो असं कधीच म्हणणार नाही. मी मनात म्हटलं, कस्टमर सर्व्हिसचं पोरगं असेल, त्याला काय माहीत.

आणि त्या टिकमार्कच्याच खाली लिहिलेलं: शिपिंग फ्री, पोस्टाने. प्रायमर हा स्फोटक माल. अमेरिकन पोस्ट तो घेतच नाही. खाजगी कुरिअर जमिनीवरून नेतो आणि वर बहुधा हॅझमॅट फी, म्हणजे धोकादायक मालाची फी लागते, पार्सलमागे वीस-पंचवीस, कधी तीसच्या वर. म्हणून तर आपण चार जण मिळून एकत्र मागवतो. पोस्टाने आणि वर फी नाही म्हणजे माल नाही, इतकं सोपं आहे. पण रात्री साडेअकराला, "फक्त तीन शिल्लक" असं लाल अक्षरांत चमकत असताना...

कार्ड चालेना. "तांत्रिक अडचण, बँकेच्या ॲपवरून थेट पाठवा, दहा टक्के सूट." 417 डॉलर 60 सेंट. पैसे दुकानाच्या नव्हे, कुठल्याशा बाईच्या नावावर. कारणाच्या चौकटीत प्रायमर लिहू नका, "फॅमिली" लिहा म्हणाले. ॲपने विचारलंसुद्धा, या व्यक्तीला ओळखता का? मी "हो" दाबलं.

चार दिवसांनी "कुरिअर"चा मेल. हॅझमॅट परमिटचे 185 डॉलर भरा, माल पोचला की परत मिळतील. आणि बघा, इथे मला उलट हायसं वाटलं! म्हटलं, चला, फी आली, म्हणजे माल खरा. माझंच ज्ञान माझ्यावर उलटवलं त्यांनी. भरले. मग गोदामभाड्याचे 320 मागितले तेव्हा ट्यूब पेटली. खऱ्या दुकानाला फोन केला. मालक वैतागलेला होता, म्हणाला, असे फोन रोज येतात, पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी करा.

परत मिळणाऱ्या ठेवीची भाषा ऐकलीत की फोन ठेवा. कुठलाही कुरिअर माल घेणाऱ्याकडून असलं डिपॉझिट मागत नाही.

आता बँक. पाऊण तास ते संगीत ऐकवून बाई म्हणाल्या, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय, त्यामुळे ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही. 1978 चा कायदा म्हणे अनधिकृत व्यवहारांना संरक्षण देतो. चोराने माझा फोन हिसकावून पैसे पाठवले असते तर मिळाले असते, चोराने गोड बोलून माझ्याकडून पाठवून घेतले तर नाही. मी म्हटलं, ते खातं तरी गोठवा. तर प्रायव्हसी! चोराची प्रायव्हसी! माझ्याकडून दर महिन्याला चार्जेस कापताना यांना व्याख्या लागत नाही. लेखी तक्रार केली, दोन ओळींचं उत्तर आलं, खाली "आपला दिवस शुभ जावो".

मग पोलीस. काउंटरवर उभं राहून, आपल्या रंगाच्या आणि आपल्या उच्चारांच्या माणसाने "मी आठ हजार प्रायमर मागवले होते" हे मोठ्याने सांगणं काय असतं ते करून बघा. मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. ऑफिसरने पहिला प्रश्न विचारला, इतके कशाला हवेत? फसलो मी आणि खुलासाही मीच करायचा. रेंजवरच्या एका दुपारी दोनशे उडतात हो! शेवटी म्हणाला, हे दुसऱ्या राज्यातलं दिसतंय, ऑनलाइन तक्रार करा. सरकारी पोर्टलवर केली. पोच आली, नंबर आला, पुढे काही नाही. डोमेनवाल्यांना लिहिलं तर त्यांनी मलाच कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं. ते डोमेन अवघं महिन्याभरापूर्वी नोंदवलेलं होतं. हे बघायला अर्धा मिनिट लागतो, तो ऑर्डरच्या आधी काढा.

क्रेडिट कार्ड घेत नसेल तर तिथून उठा. कार्डावर स्टेटमेंटपासून साठ दिवस तक्रारीचा हक्क असतो, ॲपवरून गेलेला पैसा सहसा परत येत नाही. साइटवरचा नंबर फिरवू नका, दुकानाचा नंबर स्वतः शोधून फोन करा. एच-वनवर असाल तर या खरेदीत पडण्याआधी वकिलाला विचारा, इथल्या कायद्यात प्रायमर हाही दारूगोळाच. आणि मिळालेच कधी, तर "भावाला देतो" म्हणून पुण्याला नेऊ नका, आपल्या शस्त्र कायद्यातही काडतुसाचे सुटे भाग दारूगोळ्यातच मोडतात.

काल तीच प्रेसची यादी, तीच हिरवी टिकमार्क दुसऱ्या नावाच्या साइटवर दिसली. आता बारूदाची पावडरही विकतात, शिपिंग फ्री. मी पुन्हा तक्रार टाकली आहे. नवा नंबर आला आहे.