टेप की पोटाची पट्टी? स्लिंग ठरवताना

ओटीपोटाचे व्यायाम मनापासून करून झालेत, युरोडायनॅमिक्सचा, म्हणजे मूत्राशयाचा दाब मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आहे आणि खोकलं-शिंकलं की लघवी गळते त्यावर आता स्लिंग घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. या टप्प्यावर असलेल्या बायकांसाठी हे लिहितोय. मूत्रमार्गाखाली आधार द्यायचा, हे ठरलेलंच आहे. प्रश्न उरतो तो आधार कशाचा याचा: पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या टेपचा, की तुमच्याच पोटाच्या सरळ स्नायूंवरच्या पडद्यातून, म्हणजे रेक्टस शीथमधून, कापून घेतलेल्या पट्टीचा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि दोन्ही ऑपरेशनं करतो. पण एकीकडे झुकलोय, ते लपवत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. 'अमेरिकेत मेशवर (जाळीवर) बंदी आली' हे वाक्य नातेवाईक मोबाइलवर दाखवतात. तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, एफडीएने, 16 एप्रिल 2019 रोजी विक्री थांबवायला लावली ती अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळीची. लघवीसाठीची सेंटीमीटरभर रुंदीची टेप त्या आदेशात नव्हती. इंग्लंडने मात्र जुलै 2018 मध्ये टेपचा वापरही थांबवला. प्लास्टिक दोन्हींत तेच, फरक शरीरात किती माल राहतो याचा. त्यामुळे टेपला सरसकट वाईट ठरवणं अन्यायाचं होईल. पहिल्या वर्षात टेप उघडी पडण्याचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास धरलं जातं.

ऑपरेशनच्या दिवसापुरतं बोलायचं तर टेप सरळ जिंकते. स्वीडनच्या उल्म्स्टेन यांनी 1990च्या दशकात ही पद्धत रूढ केली ती याच जोरावर. छेद छोटे, अर्ध्या तासाचं काम, बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी घरी. पट्टीला सीझरसारखा आडवा छेद लागतो. आठ-दहा सेंटीमीटर लांब नि दोनेक सेंटीमीटर रुंद पट्टी काढायची, पडदा परत शिवायचा, मग ती खालून फिरवून मूत्रमार्गाखाली न्यायची. पोट दुखतं. हसताना, उठताना हात आपोआप टाक्यांवर जातो. पुढे तिथे हर्निया होण्याची थोडी शक्यता राहते. आणि लघवी तुंबते. काही जणींना नळी घेऊनच घरी जावं लागतं, हा या ऑपरेशनचा सगळ्यात कटकटीचा भाग. 2007 मध्ये अमेरिकेत 655 बायकांवरचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात पट्टीची तुलना टाके घेऊन मूत्राशयाची मान वर बांधणाऱ्या बर्च ऑपरेशनशी होती. दोन वर्षांनी खोकल्याची गळती थांबलेल्या पट्टीवाल्या 66 टक्के, बर्चवाल्या 49 टक्के. पण लघवीला जोर लावावा लागणं आणि लघवीचा जंतुसंसर्ग हेही पट्टीतच जास्त. म्हणजे पट्टी घट्ट धरते, कधीकधी जरा जास्तच.

शरीर या दोन्हींशी कसं वागतं, ते मात्र ऑपरेशनच्या दिवशी दिसत नाही, पुढच्या वर्षांत उलगडतं.

टेप आत गेली की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं धाग्यांवर चिकटतात. मागोमाग पांढऱ्या पेशी येतात, मग मॅक्रोफेज. मॅक्रोफेजचं काम परकं ते खाऊन टाकायचं. पॉलिप्रॉपिलीन खाता येत नाही, म्हणून त्या एकमेकींत मिसळून मोठाल्या पेशी होतात आणि धाग्याला बिलगून बसतात. त्यांच्याभोवती तंतू तयार होतात, जाळीच्या छिद्रांतून आरपार वाढतात, आणि काही आठवड्यांत टेप पक्की होते. हेच आपल्याला हवं असतं. टेप धरून ठेवते ती टाक्यांमुळे नव्हे, या व्रणामुळे. पण तो दाह थांबत मात्र नाही. वर्षांनंतर काढलेल्या टेपा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर धाग्यांभोवती त्या पेशी ठाण मांडून असतात. बहुसंख्य बायकांना त्याचा काहीही त्रास नसतो, हेही तितकंच खरं.

सगळं छिद्रांवर अवलंबून असतं. 75 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी छिद्रं असली तर मॅक्रोफेज आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. त्याहून बरीच मोठी, मिलिमीटरच्या पुढची असली तर आणखी चांगलं, कारण छिद्रं लहान असली की शेजारच्या दोन धाग्यांभोवतीचे व्रण एकमेकांना मिळतात आणि मऊ जाळीची कडक पाटी होते. शिवाय टेप ताणून बसवली की छिद्रं मिटतात आणि तिची दोरी होते. जुन्या टेपांपैकी काही अनेक धाग्यांच्या पिळाच्या होत्या. त्या पिळातल्या फटी दहा मायक्रॉनहून अरुंद. एखाद मायक्रॉनचा जंतू त्यात सहज लपतो, मॅक्रोफेजला मात्र आत जाता येत नाही. हर्नियात पोटात हेच प्लास्टिक गुण्यागोविंदाने राहतं, कारण वर स्नायू-चरबीचं जाड पांघरूण असतं. इथे वर योनिमार्गाची पातळ भिंत, पाळी गेल्यावर आणखी पातळ होणारी, आणि तिथे जंतूंची वस्ती कायमची.

पट्टीचं वागणं वेगळं. कापून घेतलेल्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, पहिले काही दिवस तो आजूबाजूच्या द्रवावर तग धरतो, मग शेजारच्या केशवाहिन्या आत येतात आणि हळूहळू तो तिथल्या व्रणातच मिसळून जातो. परक्याभोवतीच्या त्या मोठाल्या पेशी इथे नाहीत. वरची जखम उसवली तरी बहुधा आपोआप भरते. तरी परकं काहीच नसतं असं म्हणता येणार नाही, कारण पट्टीच्या दोन टोकांना मी प्रोलीनचेच टाके घालतो, आणि ते पॉलिप्रॉपिलीनच. पण तो दोऱ्याचा तुकडा असतो पोटाच्या स्नायूंपाशी, योनिमार्गापासून दूर.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग ठरलंच की. माझं मात्र यावरून ठरलं नाही. चांगली, एकेरी धाग्याची, सैल बसवलेली टेप हे सगळं निभावून नेते, हे मी रोज बघतो. ठरलं ते डिस्चार्ज कार्डावरून.

माझ्याकडे दुसरीकडे टेप घातलेल्या बायका येतात. सांगताना 'अंगावरून जातंय' एवढंच सांगतात. दोन-तीनदा विचारलं की खाली बघून म्हणतात, 'मालकांना टोचतंय.' तपासताना बोटाला टेपची कड लागते. इथपर्यंत गोष्ट सोपी. उघडी कड एकेरी धाग्याची असेल तर तेवढीच कापून वर भिंत शिवून, इस्ट्रोजेनची क्रीम देऊन बहुतेकदा भागतं. पिळाची टेप असेल आणि जंतू शिरले असतील तर सगळी काढावी लागते, नाहीतर ते परत परत वाहत राहतं. म्हणजे आत काय आहे, हे कळणं गरजेचं. आणि कार्डावर असतं, 'टीओटी केले.' म्हणजे जांघेच्या बाजूने टेप घातली. बस. कंपनी नाही, लॉट नंबर नाही, वीण कसली ते नाही. पाकिटावर चिकटवायचा स्टिकर येतो, तो केसपेपरवर लावलेला असतो, आणि केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये, ते रेकॉर्ड पुढे रद्दीत. कधी दवाखानाच बंद झालेला असतो. एक्स-रेत टेप दिसत नाही. खालून केलेल्या सोनोग्राफीत पांढरी रेघ दिसते, धाग्याचा पीळ कळत नाही. मग आम्ही अंदाजाने आत शिरतो. सगळी काढायची ठरलं तर स्लॅब भरल्यावर सळई ओढून काढण्यातली गत, कारण व्रण छिद्रांतून आरपार गेलेला असतो आणि अगदी लगतच मूत्रमार्ग.

शरीर त्या टेपशी वीस-वीस वर्षं व्यवहार करत राहणार आणि आपल्याकडचा कागद पाच वर्षंही टिकत नाही, ही विसंगती मला सोसवेना. पट्टीबाबत हा प्रश्नच येत नाही. पोटावरचा आडवा वण बघून पुढच्या डॉक्टरला अंदाज येतो, आणि नाही आला तरी आत ओळख पटवण्यासारखं परकं काही नसतं.

मराठी मुलखातल्या डॉक्टरांना ही पट्टी नवी नाही. मुंबईच्या पुरंदऱ्यांनी तरुण बायकांचं गर्भाशय वर बांधायला याच पडद्याच्या पट्ट्या वापरल्या होत्या. पुढे त्याच ऑपरेशनात मर्सिलीन टेप आली, ती पॉलिएस्टरची आणि पिळाचीच. सोपी म्हणून आली, आणि पोटाच्या आत, योनिमार्गापासून लांब राहत असल्याने बरीचशी खपूनही गेली.

तेव्हा माझा कल असा: वय पन्नाशीच्या आतबाहेर, नवरा-बायकोचे संबंध चालू, पोट उघडून दुसरं काही करायचं असेल तर नक्कीच, आधी टेप उघडी पडली असेल तर निर्विवाद पट्टी. मधुमेह असेल किंवा मिश्री-तंबाखू सुटत नसेल, तरी पट्टीच, कारण अशा अंगावर टेप उघडी पडायची धास्ती जास्त. चार आठवडे वजन उचलायचं नाही आणि प्रसंगी नळीसोबत राहायचं, एवढी तयारी मात्र हवी. शेतात पेरण्या तोंडावर असतील तर त्या उरकून या.

सत्तरीच्या मावशी, दम लागतो, भूल लांबवता येत नाही, पोटाच्या छेदाला त्या घाबरतात: त्यांना मी टेपच घालतो आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. फक्त स्टिकरची दुसरी प्रत कार्डावर चिकटवतो आणि मुलाला किंवा सुनेला मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लावतो. तुमचे डॉक्टर हे आपणहून करत नसतील तर मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

आणि एक अडचण उरतेच. पट्टी करणारे हात कमी झालेत. टेप आल्यावर शिकलेल्या पिढीतल्या अनेकांनी ती केलेलीच नाही. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की पट्टीची स्लिंग ते नेहमी करतात का. उत्तर अडखळत आलं तर मोठ्या शहरातल्या युरोलॉजिस्टकडे किंवा मेडिकल कॉलेजला एकदा दाखवून या. तेही जमण्यासारखं नसेल, तर सराव नसलेल्या हाताच्या पट्टीपेक्षा सराव असलेल्या हाताची टेप बरी.