बगदादची अर्ध्या दिवसाची '१२५८' फेरी: पाचपैकी चार

मी पाटबंधाऱ्यांच्या कामातला माणूस, दोन वर्षांपासून बसऱ्यात आहे. मंगोलांनी १२५८ साली बगदादची अब्बासी खिलाफत बुडवली एवढं शाळेपासून ठाऊक होतं. कशी बुडवली ते या फेरीत कळलं.

गाईड निवृत्त इतिहास शिक्षक आहेत. सुरुवात बाब-अल-वस्तानीपासून. जुन्या पूर्व तटाच्या वेशींपैकी आज एवढीच उभी आहे. शेजारी सूफी संत सुहरावर्दींची कबर, पलीकडे महामार्ग. तिथे त्यांनी काठीने मातीत नदी काढली, कालवे काढले. जानेवारीच्या मध्यात खलिफाचा सेनानी दवातदार टायग्रिस नदी ओलांडून मंगोल सेनापती बायजूच्या फौजेवर चालून गेला. मंगोलांनी रातोरात बांध फोडले, त्याच्या पाठीमागचं सगळं रान पाण्याखाली गेलं. सैन्य चिखलात अडकलं, बुडालं, कापलं गेलं. बांध फुटू नये म्हणून मी आयुष्यभर राबलोय. पुढची काही मिनिटं मला बोलवेना.

२९ जानेवारीला शहराला वेढा पडला. गाळाचा मुलूख, दगड मिळेना, म्हणून मंगोलांनी गोफणयंत्रांसाठी जबल हमरीनहून दगड आणले आणि खजुराची खोडंही तोडून फेकली. नदीवाटे कोणी निसटू नये म्हणून वर आणि खाली नावांचे पूल बांधले. हे सगळं गाईड इतकं नेमकं सांगतात की वेढा डोळ्यांसमोर उभा राहतो. १० फेब्रुवारीला खलिफा अल-मुस्तासिम शरण आला, १३ला लूट सुरू झाली, २०ला त्याला मारलं. राजाचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही ही मंगोलांची रीत, म्हणून गालिच्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं असं सांगतात. या स्वारीचा मंगोल सरदार हुलागू, त्याने १२६२ साली फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात मेलेल्यांचा आकडा २ लाखांवर दिला आहे. तो आकडा गाईडनी मुस्तनसिरिया मदरशाच्या चौकात सांगितला. अल-मुस्तासिमच्या वडिलांनी बांधलेली ही वास्तू त्या संहारातूनही वाचली. विटांवरची नक्षी पाहायला घाई करू नका, तासभर हाताशी ठेवा.

एक तारा का कापला? पुस्तकांच्या शाईने टायग्रिस काळी झाली ही गोष्ट त्यांनी घडलेली घटना म्हणून सांगितली. ती दंतकथा आहे. खगोलज्ञ नसिरुद्दीन तूसीने बरेच ग्रंथ वाचवून इराणातल्या मराग्याच्या वेधशाळेत नेले, हे मात्र मला विचारून काढावं लागलं. शिवाय ७६२ साली खलिफा मन्सूरने वसवलेलं मूळचं गोल शहर पश्चिम काठावर होतं. आज त्याचं काही उरलेलं नाही हे खरं, पण गाडी निदान थांबवायची तरी.

माणशी ६०,००० दिनार घेतात, चहा धरून. शेवटी मुतनब्बी रस्त्यावर सोडतात. शुक्रवारी गेलात तर फुटपाथभर पुस्तकं असतात. मला तिथे जुन्या कालव्यांचा एक अरबी नकाशा मिळाला, त्यावरची नावं अजून लावतोय.