चुंबकाच्या नावाने घातलेली टोपी

सातारा जिल्ह्यातल्या एका घराने ६८,००० रुपये मोजून निवृत्त वडिलांसाठी ‘घरबसल्या टीएमएस’ घेतलं. टीएमएस म्हणजे डोक्याला चुंबकीय स्पंद देऊन करायचा नैराश्यावरचा उपचार. कुरिअरने खोका आला. त्यात एक रबरी पट्टा, स्पंजचे दोन तुकडे, मिठाची पुडी आणि रिमोट खेळण्यात असते तशी ९ व्होल्टची बॅटरी. या सामानात टीएमएस कुठेच नव्हतं.

सुरुवात मात्र रीतसर वाटावी अशीच झाली होती. व्हिडिओवरून मानसोपचार घेण्यात गैर काही नाही, २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी त्याला चौकट दिली आहे. त्याच सूचनांनुसार डॉक्टरला चिठ्ठीवर आणि पावतीवर आपला नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो. इथे आलेल्या पीडीएफवर लोगो होता, हसरा फोटो होता, ‘डॉ.’ होतं आणि खाली ‘न्यूरो-वेलनेस कन्सल्टंट’. क्रमांक नव्हता. ‘डॉ.’ ही पाटी पीएचडीवाल्यालाही लागते, फिजिओथेरपिस्टही लावतात. औषध देणाऱ्याच्या नावापुढे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम अशी मानसोपचारातली पदवी दिसली पाहिजे आणि क्रमांक राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत टाकला की तेच नाव यायला हवं. नाव जुळलं तरी एक फोन करावाच. दुसऱ्याच डॉक्टरचा क्रमांक चिकटवणं अवघड नसतं. म्हणून ते डॉक्टर जिथे बसतात त्या दवाखान्याचा नंबर स्वतः शोधायचा, लिंकमध्ये दिलेला लावायचा नाही.

मग ‘ब्रेन मॅप’. चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला आणि दोन तासांत मेंदूचं रंगीत चित्र आलं: डावीकडे पुढे लाल डाग, ‘इथे अॅक्टिव्हिटी कमी’. डोक्याला एकही तार लागली नव्हती, तरी नकाशा तयार! खरा ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला असता तरीही त्यावरून नैराश्याचं निदान होत नाही. ते होतं रुग्णाशी आणि घरच्यांशी नीट बोलून. पण लाल डाग पाहिल्यावर मुलगा पैशांचं विचारायला विसरला. त्या चित्राचं काम तेवढंच असतं.

आता खरं टीएमएस काय असतं ते पाहू. म्हणजे दोन्हीतलं अंतर उघड दिसेल. इंग्रजी आठाच्या आकाराची कॉइल डोक्याला टेकवतात. तिच्यातून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडला की दीड-दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जवळपास एमआरआयच्या चुंबकाइतकं. त्यासाठी भिंतीतला सॉकेट, मोठे कपॅसिटर आणि कॉइल तापू नये म्हणून थंड ठेवायची सोय लागते. दर स्पंदाला ‘टक्’ असा मोठा आवाज होतो, म्हणून कानात बोळे घालतात. ९ व्होल्टच्या बॅटरीवर हे होणं शक्य नाही.

आणि अंगठा. पहिल्या दिवशी कॉइल मेंदूच्या हालचाल-केंद्रावर धरून ताकद थोडी थोडी बदलत जातात. दहापैकी किमान पाच वेळा विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा उडतो ती सर्वांत कमी ताकद म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. नैराश्याच्या प्रचलित उपचारात त्याच्या साधारण १२० टक्के मात्रा डाव्या कपाळामागच्या भागावर देतात. प्रत्येकाचा उंबरठा वेगळा असतो. तो न मोजता ‘सगळ्यांना ५० वर ठेवतो’ म्हणणारं केंद्र प्रत्यक्ष मशीन असूनही ठकवतंच आहे. अंगठा उडाला नसेल तर मात्रा कशावरून ठरवली, हे सरळ विचारा.

उलट, सत्र तीन मिनिटांत संपलं म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. जुनी पद्धत १० हर्ट्झ, ३,००० स्पंदं, सुमारे ३७ मिनिटं. नवी थीटा-बर्स्ट पद्धत ६०० स्पंदं, तीन मिनिटं. दोन्ही खऱ्या आहेत, आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने नैराश्यासाठी टीएमएसला २००८ मध्ये परवानगी दिली. खोक्यावर छापलेलं ‘एफडीए रजिस्टर्ड’ हे वेगळं प्रकरण. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे.

खोक्यातलं यंत्र रचनेवरून टीडीसीएसच्या जातीचं होतं. तोही खोटा प्रकार नाही. त्यात १ ते २ मिलिअँपिअर इतका हलका प्रवाह मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधून २०-३० मिनिटं सोडतात. अभ्यास भरपूर झालेत, पण डॉक्टरच्या नजरेखाली. इथे पाचव्या-सहाव्या दिवशी वडिलांच्या कपाळावर बोराएवढा लाल डाग उठला, मग खपली धरली. कारण साधं: स्पंज कडेने वाळला. पस्तीस चौरस सेंटिमीटरवर पसरायचा तोच प्रवाह ओल्या उरलेल्या ठिपक्यातून जायला लागला. चांगलं यंत्र अडथळा वाढला की स्वतः थांबतं. हे थांबलं नाही.

याहून वाईट गोष्ट कपाळावर दिसत नव्हती. ‘मशीन चालू असताना गोळ्यांची गरज नाही’ असं सांगून नैराश्यावरची एसिटालोप्राम ही गोळी एका दिवसात बंद करायला लावली. चौथ्या दिवशी चक्कर, झोप उडालेली, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. चॅटवर उत्तर आलं, ‘उत्तम, मेंदू रिवायर होतोय.’ हे गोळी अचानक तोडल्याचे परिणाम होते. ते यंत्राच्या खात्यावर जमा झाले. क्लोनाझेपामसारखी चिंतेवरची गोळी रोज चालू असताना अशी एकदम तोडली तर फिटही येऊ शकते. टीएमएसमध्येही फिटचा धोका क्वचित असतो, म्हणून खरं केंद्र आधी फिटचा इतिहास, दारू, झोप, चालू औषधं, डोक्यातल्या धातूच्या क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर हे सगळं विचारतं. इथे फक्त पिनकोड विचारला.

पैसे ‘बिनव्याजी हप्त्यां’वर होते. म्हणजे ओटीपी दिला त्या क्षणी वडिलांच्या नावावर कर्ज उघडलं आणि विक्रेत्याला रक्कम पोचली. नुसते हप्ते थांबवले तर सिबिल बिघडतं, विक्रेत्याला काही होत नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीला त्याच दिवशी लेखी वाद कळवलेला बरा. या घराने ‘सपोर्ट’शी चॅट करण्यात तीन आठवडे घालवले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन जितक्या लवकर जाईल तितकी रक्कम मध्येच अडकण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. आणि रुग्णाची घालमेल वाढली असेल तर आधी टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: फुकट, चोवीस तास, मराठीतही.

‘खोका परत पाठवा, मग रिफंड’ असा मेसेज येईल. पाठवू नका. लेबल, परवाना क्रमांकाची जागा (बहुधा कोरी असते), स्पंज, चॅट आणि कपाळ यांचे तारखेसह फोटो काढा आणि खोका घरातच, जाडसर पिशवीत बांधून ठेवा.