सोलकढी की पेज?

आईचा मधुमेह 20 वर्षांचा. दुपारची भाकरी रात्रीपर्यंत पोटात दगडासारखी बसून असते. जुन्या मधुमेहात जठराला चालवणाऱ्या नसा कधी कधी दुखावतात, मग अन्न पुढे सरकत नाही.

आमच्या मालवणात पोटावर पहिला उतारा सोलकढीच. आगळाने, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाने, तोंडाला पाणी सुटतं, खरंय. पण जठरातलं आम्ल त्याहून कितीतरी जहाल; ते कमी पडलं तर कोकम कुठून पुरणार? त्यात नारळाचा दाट रस. स्निग्ध पदार्थाने जठर रिकामं व्हायला उलट उशीरच लागतो.

उकड्या तांदळाची पातळ, घोटलेली पेज त्या मानाने लवकर खाली उतरते. साखर वाढवते मात्र, म्हणून वाटी लहान. माझा कौल पेजेला. आई पेजेसोबत दोन घोट फुटी कढी मागतेच, बिननारळाची.